आतून न दिसणारं कुलूप

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे भागूबाई म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. लहानपणी ती अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना मोठमोठ्याने पाढे म्हणायची, आणि पंखा अंगावर पडेल म्हणून खाट भिंतीकडे ओढून झोपायची. मग काय, भित्री भागूबाई! आता तिचे केस पिकायला लागलेत, पण स्वभाव तोच. अर्ध्या रस्त्यातून परत येऊन शेगडी बंद आहे का बघते. मी म्हणते, "अगं बाई, मी घरातच आहे ना!" त्यावर म्हणते, "तू आहेस म्हणूनच बघते." घ्या! वर पुन्हा मलाच टोमणा.

आम्ही दोघी मिळून एक घर चालवतो. नवऱ्याच्या, सासरच्या, कधी स्वतःच्या बापाच्या तावडीतून सुटून आलेल्या बायका इथे राहतात. फाटकावर पाटी नाही. आमची वेबसाईट आहे, तिच्यावर फोन नंबर आहे, पत्ता नाही. स्वयंपाकघर, किल्ल्या, डॉक्टर, पोलीस आणि बायकांची आपापसांतली भांडणं, हे माझं खातं. माझी जीभ जरा तिखट आहे, ती अशा वेळी कामाला येते. कॉम्प्युटरचं खातं भागूचं.

जिन्याखाली, केरसुण्या आणि बादल्यांच्या शेजारी आमचा सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काय, हे भागूने मला एकदा नीट समजावलं होतं. बाहेरून कोणी वेबसाईट मागितली की पान काढून देणारा दारावरचा माणूस समज, म्हणाली. कोणाला कुठलं पान द्यायचं आणि कोणाला उंबऱ्यातूनच परत पाठवायचं, हे त्याला एका फाईलमध्ये लिहून दिलेलं असतं. लिहिलंय तेवढंच तो करतो, स्वतःची अक्कल शून्य.

फाटकाकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्रही हाच सर्व्हर दाखवायचा. ओट्याच्या वर भिंतीला एक पडदा लावला होता. त्यात अंगण दिसायचं, कपड्यांची दोरी दिसायची, फाटक दिसायचं आणि पलीकडचं टायरचं दुकान त्याच्या पाटीसकट दिसायचं. फाटकात कोण उभं आहे ते बघितल्याशिवाय मी कडी काढायची नाही. कणकेच्या हातांनी पासवर्ड कोण टाकणार, म्हणून मीच सांगितलं होतं की घरातल्या घरात ते चित्र विनापासवर्ड दिसलं पाहिजे. घराबाहेर मात्र ते कोणालाच दिसता कामा नये.

हे सगळं आमच्या मास्तरांनी जमवून दिलं होतं. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आमच्याकडे फुकट राबणारा देवमाणूस, पण हट्टी असा की विचारू नका. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत बसायचे. भागूला त्या काळ्या पडद्याची धडकी भरायची. एक कंस चुकला तरी सगळं कोसळतं म्हणे. तिला हवं होतं पॅनल. पॅनल म्हणजे चित्रांचं, बटणांचं पान. हवं ते बटण दाबा, चौकोनात खूण करा, सेव्ह म्हणा, की फाईल पॅनलच लिहितं. सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लागतो.

"बटणं दाबणाऱ्याला आत काय चाललंय ते कधी कळत नाही," मास्तर म्हणायचे.

"आणि हाताने लिहिणाऱ्याला आपण काय चुकलो ते कळत नाही," भागू म्हणायची. तिच्या तोंडून एवढं उत्तर म्हणजे नवलच!

शेवटी मास्तरांनी पॅनल बसवून दिलं, आणि स्वतः मात्र हातानेच लिहीत राहिले. पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि ते मुलीकडे राहायला गेले. जाताना भागूला म्हणाले, "कॅमेऱ्याचं कुलूप मी घातलंय, त्याची काळजी नको." भागूने पॅनल उघडलं, हिरवा दिवा बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

त्या सुमारास आमच्याकडे एक शिंपीण आली. सोबत तिची लहान मुलगी, आम्ही तिला चिमणी म्हणायचो. शिंपिणीच्या मनगटाचं हाड पूर्वी कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं होतं, तरी मशीनवर बसली की हात सुतासारखे सरळ चालायचे. साऱ्या घराचे पडदे तिने शिवून दिले. बोलायची कमी. तिच्या नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. तिने मला एकच गोष्ट सांगितली होती. "ताई, तो मारताना ओरडत नाही. हळू आवाजात सांगून मारतो. म्हणाला होता, गेलीस तर शोधून काढीन आणि आधी पोरीला दाखवीन तुझं काय करतो ते." हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. मी म्हटलं, "इथे चिमणीच्या केसालाही धक्का लागणार नाही." असं बोलू नये. पण माणूस बोलून जातो.

एके दुपारी ऑफिसातला फोन वाजला. त्या नंबरवर मदत मागणाऱ्या बायका आणि मदत करू इच्छिणारे लोकही फोन करतात, म्हणून मी आवाजात साखर घालून "नमस्कार" म्हटलं.

पलीकडून एक पुरुष अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, तिने केस कापले वाटतं. लांब होते तेच चांगले दिसायचे."

मी म्हटलं, "कोण? कोण बोलतंय?"

"आणि पोरीला पिवळा रंग शोभत नाही, सांगा तिला." फोन बंद.

आदल्या दिवशीच शिंपिणीने अंगणात बसून केस कापून घेतले होते. चिमणीच्या अंगात त्या दुपारी पिवळा फ्रॉक होता. खोटं कशाला बोलू, पाचावर धारण बसली माझी.

आधी मला माणसांचाच संशय आला. आमच्यातलीच कोणीतरी फोनवर बोलली असणार. मी सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि नाही नाही ते बोलले. एक बाई रडायला लागली. दूधवाल्याला फाटकाबाहेरूनच परत पाठवलं. समोरच्या टायरवाल्याकडे खिडकीच्या फटीतून बघत राहिले, की हा मेला वर बघतो का. शिंपिणीला मी सांगितलं. लपवून काय करणार? ती आत गेली आणि चिमणीचा पिवळा फ्रॉक काढून दुसरा घातला.

भागू मात्र सर्व्हरजवळ जाऊन बसली होती. मी तिथे जाऊन ओरडले, "इथे काय बसलीस? घरात फितूर कोण आहे ते शोधूया!"

"ताई, केस कापलेले आणि फ्रॉक, दोन्ही अंगणातलं आहे," ती म्हणाली. "त्याला आतलं काही माहीत नाही. फक्त अंगणातलं."

"मग?"

"अंगण कॅमेऱ्यात दिसतं."

"पण कुलूप आहे ना त्याला?"

तिने पॅनल दाखवलं. हिरवा दिवा होता. मग तिने ओट्यावरच्या पडद्यावर चित्र बघितलं. जसं रोज दिसायचं तसंच, पासवर्डशिवाय. सगळं जिथल्या तिथे. मी म्हटलं, "बघ, काही बिघडलेलं नाही." भागूने माझा हात धरला. "ताई, आपण घरात आहोत. घरात ते कुलूप असलं तरी उघडतं आणि नसलं तरी उघडतं. आपल्याला इथून कधीच कळणार नाही."

मग जी भागूबाई एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला घाबरते, ती मोबाईल घेऊन फाटकाबाहेर गेली. घराचं नेट बंद करून फोनच्या स्वतःच्या नेटवर तिने वेबसाईट उघडली आणि कॅमेऱ्याचं पान मागितलं. मी अंगणात उभी होते. तिने मोबाईल माझ्याकडे वळवून धरला. त्यात मीच दिसत होते, कमरेवर हात ठेवून, मागे वाळत घातलेल्या चादरी. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. एवढे दिवस मी त्या कॅमेऱ्याच्या भरवशावर बायकांना म्हणत होते, बसा गं अंगणात, उन्हात बसा, काही भीती नाही. कुंपणानेच शेत खाल्लं की हो आमचं!

झालं होतं ते असं. मास्तरांनी कुलपाची ओळ हाताने फाईलमध्ये लिहिली होती. वर सूचनाही लिहिली होती, या ओळीला हात लावू नये. पॅनलला त्या ओळीचा पत्ताच नव्हता. काही दिवसांपूर्वी वेबसाईटवर मोठे फोटो चढेनात, म्हणून भागूने पॅनलमध्ये एक आकडा वाढवला आणि सेव्ह दाबलं. पॅनलने आपल्याला ठाऊक होतं तेवढं घेऊन अख्खी फाईल नव्याने लिहून काढली. मास्तरांची ओळ गेली, सूचनाही गेली. यंत्राला कुठली सूचना वाचता येते? त्याच्या लेखी सगळं ठीकच होतं, म्हणून दिवा हिरवा. बायकोच्या शोधात अशा घरांच्या वेबसाईटी एकेक धुंडाळताना तो मोबाईलवाला या उघड्या पानापर्यंत पोचला असणार.

"ओढ ती वायर!" मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता ओढ."

मी हात घातलाच होता, पण भागूने मला ढकललं. हो, ढकललं! जन्मात पहिल्यांदा. म्हणाली, "थांब. आलेल्यांची नोंद बघू दे." आणि तिने बघितली. एकच पाहुणा दिवसभर ते पान पुन्हा पुन्हा मागत होता. आत्ताही मागत होता. "ताई, तो या क्षणी बघतोय. चित्र बंद झालं की त्याला कळेल आपल्याला कळलंय. टायरच्या दुकानाची पाटी त्याने वाचलेली असणार. तो कुठे बसलाय ते आपल्याला माहीत नाही. पुढच्या गल्लीत असला तर?"

मी पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले गाडी पाठवतो. पाठवतो म्हणजे कधी, ते काही सांगेनात. आमच्या नेहमीच्या टॅक्सीवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, मागच्या दाराशी येतो, थोडा वेळ द्या. तो थोडा वेळच आमच्याकडे होता की नाही, कोण जाणे.

भागू म्हणाली, "त्याला चित्र दिसत राहिलं पाहिजे. पण खरं नको."

नुकतंच घेतलेलं एक चित्र तिने बाजूला काढलं. रिकामं अंगण आणि दोरीवर चादरी. बाहेरून कोणीही मागितलं तरी हेच एक चित्र द्यायचं, आणि घरात मात्र खरं दाखवायचं, असं तिला सर्व्हरला सांगायचं होतं. पॅनलमध्ये त्यासाठी बटण नव्हतं. असलं विचित्र काम कोणाला सुचून कोण बटण करणार? मग तिने काळा पडदा उघडला.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. एक एक अक्षर ती मोठ्याने म्हणत लिहीत होती, लहानपणी पाढे म्हणायची तशी. "तू माझ्यामागून वाच," म्हणाली. "जसं दिसतं तसं वाच." मी चष्मा लावून वाचत होते. ठिपका, रेघ, कंस. फाईल लागू करायच्या आधी तिने ती तपासायला लावली, आणि लाल अक्षरं आली. चूक आहे म्हणे. भागू पांढरीफटक पडली. "नाही जमणार मला. ताई, मला नाही जमणार. मास्तरांना विचारू."

"मास्तरांचे डोळे गेलेत!" मी खेकसले. मग मलाच वाईट वाटलं. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. एक कंस उघडला होता, तो कुठेच मिटला नव्हता. तिने मिटवला. पुन्हा तपासलं. या वेळी लाल काही आलं नाही. तिने डोळे मिटून फाईल लागू केली, आणि पुन्हा मोबाईल घेऊन बाहेर पळाली. मी अंगणात जाऊन दोन्ही हात हलवले. ती फाटकाबाहेरून म्हणाली, "तू दिसत नाहीस! ताई, तू नाहीस!" एरवी हे कोणी मला म्हटलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं.

मागच्या दाराशी गाडी आली तेव्हा शिंपीण तयार होती. एक पिशवी, एक पोर. मशीनवर अर्धा शिवलेला पडदा तसाच राहिला. जाताना ती भागूसमोर थांबली. भागू रडत होती. "माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "मीच सेव्ह दाबलं."

शिंपीण म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलं." ओरडली असती तर बरं झालं असतं.

गाडी गेली. मी येऊन ओट्याशी उभी राहिले आणि पडद्यावर बघितलं. फाटकात एक माणूस उभा होता.

तो काही राक्षस नव्हता. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. हातात मोबाईल. तो मोबाईलमध्ये बघत होता, मग गजांतून अंगणात बघत होता, मग पुन्हा मोबाईलमध्ये. त्याच्या मोबाईलमध्ये चादरींची सावली भिंतीपाशी होती, अंगणात ती केव्हाच फाटकापर्यंत आली होती. भागू माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता. त्या माणसाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं, म्हणजे आमच्याकडेच बघितलं. आणि हसला. मग त्याने फाटकाला हात घातला आणि जोरजोराने हलवायला सुरुवात केली, पण तोंडातून शब्द नाही. सगळ्या बायका वरच्या खोलीत एकमेकींना धरून बसल्या होत्या. कडी टिकली. पोलीस आले. आले एकदाचे!

त्यांनी त्याला नेलं आणि समज देऊन सोडलं. काय तर म्हणे, फाटक हलवणं हा काही फार मोठा गुन्हा नाही.

काकांची गाडी परत आली ती रिकामी. आम्ही ज्या दुसऱ्या घराशी बोलणं केलं होतं, तिथे शिंपीण गेलीच नव्हती. मोठ्या बसस्थानकाशी तिने गाडी थांबवायला लावली. काकांना म्हणाली, "ताईंना सांगा, राग मानू नका. आता मी कुठे जाते ते कुणालाच ठाऊक नको. तुम्हालाही नको." चिमणीला कडेवर घेऊन ती गर्दीत शिरली. काकांनी विचारलं, पैसे आहेत का, तर तिने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे काकांना सांगता येईना.

घर आम्हाला सोडावं लागलं. आता दुसरीकडे आहोत. कुठे ते सांगणार नाही, विचारूही नका. मास्तरांना फोनवर कळलं तेव्हा आधी म्हणाले, "मी सांगत नव्हतो, बटणांच्या नादी लागू नका!" भागू म्हणाली, "मास्तर, तुम्ही ओळ लिहिलीत ते पॅनलला माहीत नव्हतं. पॅनलने ती पुसली ते मला माहीत नव्हतं. एका फाईलला दोन मालक ठेवले आपण." मग मास्तरांनी चिमणीची चौकशी केली, तेव्हा भागूने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

नव्या घरात पॅनल नाही. भागू काळ्या पडद्यावर लिहिते, रोज घाबरत लिहिते. लिहून झालं की मोबाईल घेऊन रस्त्यावर जाते आणि परक्या माणसासारखं आपलंच दार ठोठावून बघते. ते उघडत नाही, मग आत येते. मी आता तिला भागूबाई म्हणत नाही. म्हणजे म्हणते, पण पूर्वीसारखं नाही.

फोन नंबर मात्र आम्हाला बदलता आला नाही, कितीतरी बायकांकडे तोच एक आहे. त्यावर तो अजून फोन करतो. तोच हळू आवाज. "मॅडम, कुठे आहे ती?" पहिल्यांदा आला तेव्हा मी शिव्या घातल्या आणि फोन आपटला. मग भागू म्हणाली, "ताई, तो विचारतोय. म्हणजे त्याला माहीत नाही." माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं! तेव्हापासून त्याचा फोन आला की अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी हायसंही वाटतं. मी म्हणते, "मला माहीत नाही." खरंच माहीत नाही. फोन ठेवते, आणि भागूकडे बघून मान हलवते. म्हणजे दोघी आहेत कुठेतरी, सापडलेल्या नाहीत. त्या रात्री आम्हाला बरी झोप लागते. काय दिवस आले बघा, त्या मेल्याच्या फोनची वाट बघायची!

या महिन्यात त्याचा फोन आलेला नाही. भागू येता-जाता रिसीव्हर उचलून कानाला लावते, लाईन चालू आहे का बघायला. लाईन चालू आहे.